लॉस्ट म्यूल ओढ्यात मासे नाहीत

गारलंड मेसर आयुष्यभर एकाच बाबतीत खोटं बोलला. बाकी सगळ्या बाबतींत तो इतका खरा होता की बक्नर गॅप या डोंगरगावातले लोक त्याच्या शब्दावर घड्याळ लावत. तो बाप्टिस्ट चर्चचा डीकन होता. म्हणजे पाद्र्याच्या खालोखाल मान आणि पाद्र्यापेक्षा जास्त काम. रविवारी दानाची थाळी फिरवताना तो असा चेहरा करी की चिक्कूतल्या चिक्कू माणसाचा हातही आपोआप खिशात जाई. अशा माणसानं ‘लॉस्ट म्यूल ओढ्यात मासे नाहीत’ असं सांगितलं, तर शंका कोण घेणार?

मासे होते. गावाच्या वर, धबधब्याच्या पलीकडे, हेमलॉकच्या उंच, सदाहरित झाडांच्या गर्द सावलीत तो ओढा दगडादगडांवरून उतरत येई, आणि त्याच्या डोहाडोहात ठिपकी होती. ठिपकी म्हणजे या डोंगरांतली मूळची, रानटी ट्राउट. वीतभर लांब, पाठीवर किडे वळवळल्यासारखी नक्षी, पोट नारिंगी, परांना पांढरी किनार. खालच्या नदीत मत्स्यखातं दर वसंतात टँकरनं आणून ओततं, ते मासे वेगळे. ते सिमेंटच्या हौदात वाढलेले, पर घासून झिजलेले, आणि माणसाची सावली पडली की पळायचं सोडून जेवण आलं म्हणून तोंड वासणारे.

गावाचा रिवाज असा, की ज्याला ठिपकीचा ओढा ठाऊक आहे त्यानं तो रिकामा आहे असं सांगायचं. यात पाप धरत नाहीत. ‘खोटी साक्ष देऊ नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेवर प्रवचन देताना पाद्री स्वतः एक क्षण थांबे, पुढच्या बाकांवरून नजर फिरवी आणि ‘कोर्टात’ असा शब्द जोडी. पाद्र्यालाही एक ओढा ठाऊक होता.

हा रिवाज पाळला जाई तो कॉय हेन्स्लीच्या दुकानात. पुढच्या बाजूला खिळे, कुलपं आणि कोंबड्यांचं खाद्य. मागच्या बाजूला लाकडाची शेगडी आणि काचेच्या पेटीत माशा. माशा म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेले नकली किडे. त्या कॉय स्वतः बांधी, स्वतः विकी आणि स्वतःच त्यांची तारीफ करी. कॉयचे गुडघे गेलेले होते. ते कधी गेले, कसे गेले आणि पाऊस यायच्या आधी कसे ठणकतात हे गावात सगळ्यांना पाठ होतं.

“डीकन, यंदा वर गेला होतास का लॉस्ट म्यूलला?” कॉय शेगडीत लाकूड सारत विचारी.

“गेलो होतो. तोंड धुऊन आलो.”

“पाण्यात काही दिसलं?”

“माझं तोंड.”

“मग कुठलाच मासा वर येणार नाही,” कॉय म्हणे, आणि शेगडीभोवतीचे सगळे हसत. गारलंडही हसे. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा ते मिशांतल्या मिशांत हसतंच.

गेल्या शरद ऋतूत राजधानीहून मत्स्यखात्याची एक बाई आली. ऑड्रा किम्ब्रो तिचं नाव. चर्चच्या तळघरात तिनं सभा घेतली आणि सरळ प्रश्न विचारला: धबधब्याच्या वर लॉस्ट म्यूलमध्ये रानटी ट्राउट आहेत का? तिची माणसं धबधब्यापर्यंत जाऊन आली होती, पण वरची वाट पडलेल्या झाडांनी बंद होती. बाईचा आवाज शांत होता, बूट चिखलाचे होते. तेव्हाच गारलंडनं सावध व्हायला हवं होतं. पण समोर अख्खं गाव बसलेलं, आणि जिभेला तर वर्षानुवर्षांची सवय.

तो उठून उभा राहिला. “मॅडम,” तो म्हणाला, “त्या ओढ्यात एक बेडूक होता. एकटं वाटतं म्हणून तोही खाली राहायला आला.”

तळघर हसलं. मग कॉय उठला, खुर्चीला धरून, गुडघ्यांचा मान राखत. “माझे पाय धड होते तेव्हा जात होतो वर. पाणी फार छान आहे. नुसतं पाणी.” मग पाद्री. मग आणखी काही जण. एकजूट पाहावी तर बक्नर गॅपची. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आभार मानले.

जानेवारीत ती परत आली, थेट दुकानात. शेगडीभोवतीच्या मंडळींना तिनं आनंदाची बातमी दिली. धबधब्यावरचा ओढा रिकामा आहे हे सर्वांच्याच सांगण्यावरून नक्की झालं, तेव्हा वसंतात तिथे हौदातले मासे सोडायचे ठरलं आहे. कच्चा रस्ता होईल, गाड्या लावायला जागा होईल, बायकापोरांना बसायला बाकं होतील.

“तुमच्या सहकार्याशिवाय हे झालं नसतं,” ती म्हणाली. तिनं दोन जोडी लोकरी मोजे घेतले आणि निघून गेली.

हौदातला मासा मोठा, खादाड आणि उपाशी असतो. तो वीतभर ठिपकीच्या जागेत घुसला की ठिपकीला ना जागा उरते ना घास. हे शेगडीभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि प्रत्येकजण चेहऱ्यावर, ज्याला हे ठाऊक असायचं काही कारणच नाही अशा माणसाचा भाव ठेवून बसला होता.

“रस्ता होईल म्हणते,” अखेर कॉय म्हणाला.

“बाकंही,” गारलंड म्हणाला.

“बरंच झालं की. ओढा तसाही वाया चाललाय.”

“वायाच,” गारलंड म्हणाला, आणि टोपी घालून घरी गेला.

घरी त्याच्या बायकोनं, डेल्फियानं, बीन्स शिजवल्या होत्या, वर कच्चा कांदा, सोबत मक्याचा ब्रेड. गारलंडनं चमचा उचलला आणि खाली ठेवला. त्याला बापाची आठवण आली. बापानंच त्याला पहिल्यांदा त्या ओढ्यावर नेलं होतं, आणि उतरताना एवढंच म्हणाला होता, “कुणाला सांगशील तर मासे जातील.” गारलंडनं कुणालाही सांगितलं नव्हतं. मासे आता त्यामुळेच चालले होते.

“बोल ना,” डेल्फिया म्हणाली. “आज तुझा चेहरा थाळीत खोटं नाणं सापडल्यासारखा झालाय.”

त्यानं सगळं सांगितलं.

“म्हणजे,” तिनं शांतपणे ब्रेडला लोणी लावलं, “तू इतका खरा माणूस की सरकारनं तुझं ऐकलं.”

“डेल्फिया, ही थट्टा नाही.”

“मी कुठे थट्टा करतेय? मी तर तुझी थट्टा किती लांब पोचली ते मोजतेय. बेडकाचं मला आधी सांगितलं असतंस तर मी तिथेच कोपर मारलं असतं. आता काय करणार आहेस?”

“दुसरं कुणीतरी बोलेल.”

“कोण? सगळे तुझ्यासारखेच खरे आहेत.”

दुसऱ्या दिवशी गारलंड काउंटीच्या मुख्य गावी, मत्स्यखात्याच्या कचेरीत जाऊन ऑड्रा किम्ब्रोसमोर उभा राहिला. टोपी हातात. दानाची थाळी फिरवताना समोरच्याला कसं वाटत असेल ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

“मॅडम, त्या ओढ्यात मासे आहेत.”

“शरद ऋतूत बेडूकही नव्हता.”

“तेव्हा मी खोटं बोललो.”

“आणि आता खरं बोलताय. का? रस्ता तुमच्या जमिनीवरून जातो का?”

“नाही हो. मासे आहेत म्हणून.”

“मिस्टर मेसर, या दिवसांत ठिपकीची अंडी खडीत असतात. मी पाण्यात विजेचा झटका देऊन मोजणी करू शकत नाही. खरंच मासे असतील तर अंडी मरतील. तेव्हा गळ हा एकच मार्ग आहे. शुक्रवारी मी तुमच्याबरोबर वर येते. एक मासा दाखवा. रानटी, जिवंत, माझ्या डोळ्यांसमोर धरलेला. मी टँकर थांबवते. नाही दाखवलात, तर तुमच्या पहिल्या साक्षीवर माझा विश्वास आहे. ती फार पटण्यासारखी होती.”

जानेवारीत डोंगरावरच्या ओढ्यात ट्राउट धरणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात घास घालणं. पाणी बर्फागत असतं, मासा डोहाच्या तळाशी दगडाला चिकटून पडलेला असतो, आणि त्याची भूक वसंताची वाट बघत असते. माशी त्याच्या नाकासमोरून, त्याच्याच संथपणानं न्यावी लागते. हातभर अंतर पडलं तर तो हलत नाही. गारलंड हिवाळ्यात वर जाई तो सवयीनं. मासे तो वसंतात आणि उन्हाळ्यात धरी. हिवाळ्यात तो मुख्यतः सर्दी धरी.

शुक्रवारी दोघं चढू लागले. धबधब्याच्या वर वाटेवर झाडं आडवी पडलेली होती. ऑड्रानं एका ओंडक्यावर हात ठेवला. बुंधा तिरका, पण गुळगुळीत कापलेला.

“तुमच्याकडचं वादळ करवत घेऊन येतं वाटतं,” ती म्हणाली.

“डोंगरातलं वादळ,” गारलंड पुटपुटला आणि पुढे झाला. ती करवत त्याच्या गोठ्यात टांगलेली होती. मात्र सगळेच ओंडके त्यानं कापलेले नव्हते, आणि आजवर त्यावर त्यानं कधी विचार केला नव्हता.

पहिल्या डोहावर तो गुडघ्यांवर रांगत गेला, कारण उभा माणूस दिसला की ठिपकी दिवसभर दिसत नाही. गळाच्या काठीच्या दोरीला पिवळी माशी. कॉय सांगे, हिवाळ्यात पिवळीच चालते. गारलंड दर हिवाळ्याला पिवळ्या घेऊन जाई. त्यानं माशी टाकली. पिवळी माशी डोहातून लग्नाच्या वरातीसारखी गेली. कुणी बघायलाही आलं नाही.

दुसरा डोह. तिसरा. काठीवरच्या कड्यांत बर्फ धरू लागला, दोरी अडकू लागली. गारलंड काठी पाण्यात बुडवून बर्फ वितळवी, पुन्हा टाकी. बोटांची जाणीव गेली होती. ऑड्रा दगडावर बसून थर्मासमधली कॉफी पीत होती.

“अजून एक जागा आहे,” अखेर गारलंड म्हणाला. हे शब्द तोंडातून काढताना त्याला दात काढल्यासारखं झालं. लॉरेलच्या झुडपांच्या दाट जाळीमागे एक डोह होता. कडेनं त्यात झरा येई, जमिनीतला, थंडीतही कोमट. हिवाळ्यात ओढ्याचे निम्मे मासे तिथे येत. बापानं दाखवल्यापासून ती जागा त्यानं कुणालाही दाखवली नव्हती. डेल्फियालाही नाही. मरताना पाद्र्याला सांगायची की नाही, हेही त्याचं अजून ठरत नव्हतं.

दोघं जाळीतून पोटावर सरपटत गेले. गारलंडनं शेवटची फांदी बाजूला केली.

डोहात मांडीभर पाण्यात कॉय हेन्स्ली उभा होता. गेलेल्या गुडघ्यांवर. त्याची काठी अर्धवर्तुळ झाली होती, दोरी पाण्यात इकडून तिकडे धावत होती, आणि त्याच्या तोंडावर लहान मुलाचं हसू होतं.

“कॉय!” गारलंड ओरडला. “सोडू नकोस! वर काढ!”

कॉयनं वळून पाहिलं. डीकन, आणि त्याच्यामागे सरकार. आयुष्यभराची शिस्त त्याच्या हातात उतरली. त्यानं काठी खाली केली, दोरी सैल सोडली, आणि पाण्यात एक नारिंगी झाक चमकून नाहीशी झाली.

“काय वर काढू?” कॉय म्हणाला. “मी पाय मोकळे करायला आलो होतो.”

“मासा होता, कॉय! मी पाहिला!”

“दगड होता.”

“दगड पळत नाहीत!”

“हा पळत होता खरा,” कॉय म्हणाला. “मलाही नवल वाटलं.”

गारलंडनं ऑड्राकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही पाहिलंत ना?”

“वाकलेली काठी पाहिली,” ती म्हणाली. “वाकलेली काठी हातात धरून टँकर थांबवता येत नाही.” तिनं आभाळाकडे पाहिलं. “ऊन डोंगराआड जाईपर्यंत मी आहे.”

त्यावर डीकन गारलंड मेसर जे बोलला ते चर्चमध्ये बोलत नाहीत. त्यातला छापण्याजोगा भाग एवढाच, की हिला एक मासा हातात दिला तर टँकर येणार नाही, आणि तो एक मासा कॉयनं आत्ताच घरी पाठवला.

कॉयचं हसू हळूहळू उतरलं. “मग तू हे दुकानात का नाही सांगितलंस?”

“दुकानात? सगळ्यांदेखत?”

“हो, तेही खरंच,” कॉय म्हणाला. तो काठावर आला, न कण्हता, न कुथता. “मला वाटलं होतं, तू बोलशील. तू डीकन.”

“मला वाटलं, तू. तू दुकानदार.”

“किती वर्षं येतोयस इथे?”

“बापाबरोबर यायचो तेव्हापासून. तू?”

“तुझ्या बापामागून एकदा चोरून आलो होतो. तेव्हापासून.”

“आणि वाटेवरचे ते वरचे ओंडके?”

“माझे. खालचे?”

“माझे.”

“वाटलंच. कापायला तुला जमत नाही. तिरके होते.”

डोह बिथरला होता. त्याला निवू द्यायचं तर बसून राहणं एवढाच उपाय. दोघं म्हातारे एका ओंडक्यावर बसले, जरा अंतर ठेवून. कॉयनं सँडविच काढलं, अर्धं मोडून पुढे केलं. गारलंडनं ते घेतलं, पण आभार मानले नाहीत. ऑड्रा समोरच्या काठावर हात काखेत घालून उभी होती. ऊन डोहाच्या पलीकडल्या काठाला गेलं. मग काठावरून झाडाच्या खोडावर चढू लागलं.

“कुठली माशी लावलीस?” कॉयनं हळूच विचारलं.

“पिवळी. तुझ्याकडचीच.”

कॉय सँडविच चावत राहिला. जरा जास्तच वेळ.

“कॉय.”

“काय?”

“हिवाळ्यात पिवळी चालते ना?”

“हे बघ, डीकन. चालते असं मी म्हणतो. चालते ती दुकानात.”

“इतकी वर्षं मला ती विकलीस!”

“इतकी वर्षं तू घेतलीस. मला काय माहीत तू इथे येतोस? लॉस्ट म्यूलमध्ये मासे नाहीत असं तूच सांगत होतास.” कॉयनं टोपीच्या काठात खोवलेली एक बारीक काळी माशी काढली. तांदळाच्या दाण्याएवढी, त्याच्या काळ्या कुत्र्याच्या केसांची. “बर्फावरून चालणारे काळे किडे पाहिलेस ना कधी? या दिवसांत ते तेच खातात. दुसरं काही नाही.”

गारलंडनं खाली पाहिलं. त्याच्या बुटाशेजारच्या बर्फावरून असाच एक काळा किडा आरामात चालला होता. असे किडे तो लहानपणापासून बघत आला होता. त्यानं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

“तूच टाक,” तो म्हणाला. “तुझा हात बरा आहे.”

“माझ्यावर त्या बाईचा विश्वास बसेल का? मी पळता दगड सांगितलाय तिला. तू टाक. बोटं काखेत घाल आधी.”

कॉयनंच दात लावून दोरीला गाठ मारली, कारण गारलंडच्या बोटांना बारीक दोरी धरणं जमत नव्हतं. गारलंड रांगत काठाशी गेला. ऊन खोडावरून फांदीवर गेलं होतं. त्यानं काळी माशी झऱ्याच्या तोंडाशी सोडली, वर, दगडाच्या अलीकडे, आणि ती आपल्या वजनानं बुडू दिली. दोरी पाण्याबरोबर सरकत आली, सरकत आली, आणि थांबली. दगडाला लागल्यासारखी.

“दगड,” गारलंड म्हणाला.

“उचल, गाढवा!” कॉय ओरडला.

त्यानं काठी उचलली. दगड पळाला.

मासा वीतभरही नव्हता. गारलंडनं तो ओल्या हातांत पाण्यालगत धरला आणि हलला नाही. ऑड्रा पाण्यात उतरून जवळ आली, वाकली. नारिंगी पोट, पाठीवरची नक्षी, पांढरी किनार अगदी शाबूत, कुठेही झीज नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज सरकारी वाटला नाही. “सोडा त्याला. टँकर येणार नाही.”

मासा गेला. गारलंड तसाच हात पाण्यात ठेवून बसला. कॉयनं मोठ्यानं नाक शिंकरलं आणि थंडीला शिव्या घातल्या.

उतरताना ऑड्रा म्हणाली, “एक गोष्ट आहे. टँकर का थांबवला, हे मला जाहीर करावं लागेल. वसंतापर्यंत धबधब्यापाशी पाटी लागेल: इथे रानटी ट्राउट आहेत. पकडून सोडून द्या.”

दोघं थबकले. “पाटी?” कॉय म्हणाला. “म्हणजे वाचता येईल अशी?”

“तुमच्या वादळानं ती पाडली तर मी दुसरी लावीन,” ती म्हणाली. “जरा जाड लोखंडाची.”

पाटी लागली. दुकानात मंडळींनी ती बातमी ऐकली, एकमेकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. सरकारला ओढ्यावर लोक आणायचे असले की सरकार काहीही लिहितं, असं मत पडलं. पाद्र्याला तर ही पाटी दुसऱ्या एखाद्या चांगल्या ओढ्यावरून लक्ष उडवण्यासाठी असावी असा संशय आला.

एप्रिलमध्ये शहरातून एक माणूस दुकानात आला. पाण्यात उतरायची रबरी विजार इतकी नवी की चालताना करकर वाजत होती.

“धबधब्यावर पाटी पाहिली,” तो म्हणाला. “खरंच आहेत का हो मासे तिथे?”

शेगडीभोवतीच्या सगळ्यांनी डीकनकडे पाहिलं. गारलंडला बापाचे शब्द आठवले. मग जानेवारीत याच शेगडीभोवती सगळे कसे गप्प बसले होते ते आठवलं. त्यानं टोपी काढली.

“आहेत,” तो म्हणाला. “धबधब्याच्या वर ओंडके ओलांडून जा. पुढे लॉरेलच्या जाळीमागे झऱ्याचा डोह आहे. ठिपकींनी भरलाय.”

“डीकन खोटं बोलत नाही,” कॉय म्हणाला.

शहरी माणसानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तो मिस्किल हसला. “काका, मी नवखा आहे, पण इतका नाही. चांगली जागा कुणी असं फुकट सांगतं होय?” त्यानं बोट हलवलं. “ओंडके म्हणे! मी आपला नदीवरच जातो.”

“तुमची मर्जी,” गारलंड म्हणाला. त्याला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

“मासेच हवेत तर माशी कुठली घेऊ, ते तरी खरं सांगा,” माणसानं काचेच्या पेटीकडे बघत विचारलं.

“पिवळी,” कॉय म्हणाला.

गारलंडनं शेगडीत एक लाकूड सारलं.